कॅसेटचं शीर्षकपान

सिल्वासातल्या आमच्या ग्रंथालयात सर आणि मी एक अख्खा उन्हाळा भांडण्यात घालवला. भांडण पगाराचं नव्हतं, रजेचं नव्हतं, पंख्याखालच्या खुर्चीचंही नव्हतं. म्हणजे थोडंसं खुर्चीचं होतं, पण ते जुनं. हे नवं भांडण होतं नियमावलीचं.

झालं असं की ग्रंथालयातली सगळी चीजवस्तू संगणकावर चढवायची, असा वरून आदेश आला. पुस्तकं तर होतीच, पण नकाशे, मासिकांचे बांधीव गठ्ठे, सीडी, आणि जिन्याशेजारच्या कपाटात कोंबलेल्या शेकड्यांनी कॅसेटी. टंकायला बाहेरची माणसं येणार होती. त्यांना कळेल अशा सोप्या भाषेत, कुठल्या वस्तूची नोंद कशी करायची याचे नियम आम्ही दोघांनी लिहून द्यायचे होते. आम्ही दोघं म्हणजे रत्नागिरीहून नोकरीसाठी इथे येऊन आता निवृत्तीला टेकलेले सर, आणि कल्याणहून आलेली, कोणाचंही चटकन न ऐकणारी मी.

सरांनी आयुष्यभर तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या वस्तूंच्या नोंदी, केल्या. खिशाला तीन पेनं, चौथी पेन्सिल, आणि पांढरा रुमाल. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तूला आपलं स्वतंत्र प्रकरण हवं. पुस्तकाचे नियम पुस्तकाच्या प्रकरणात, नकाशाचे नकाशाच्या, कॅसेटचे कॅसेटच्या. "डाळीचा डबा वेगळा, तांदळाचा वेगळा. एकत्र केलं की खिचडी होते, बाई."

"खिचडी आजारी माणसालाही पचते, सर," मी म्हटलं.

माझं म्हणणं अगदी साधं होतं. वस्तू कुठलीही असो, वाचक विचारतो तेच चार-पाच प्रश्न. ह्याचं नाव काय? हे कोणाचं? कशाबद्दल आहे? दिसायला कसं आहे? ठेवलंय कुठे? मग नियमावलीही त्या प्रश्नांच्या क्रमानेच लिहावी. एक प्रश्न, एक नियम, सगळ्यांना सारखा. सरांच्या पद्धतीत दमणगंगा नदीवरचं पुस्तक एका खणात, तिचा नकाशा दुसऱ्यात, सीडी तिसऱ्यात. शाळेतली पोरं प्रकल्पाला येतात, पुस्तक घेऊन जातात आणि नकाशा आहे हे त्यांना कधी कळतच नाही. नकाशा बिचारा गुंडाळी होऊन झोपलेला.

घोडं अडलं ते कॅसेटवर. पुस्तकाचं नाव कुठून घ्यायचं यावर वाद नाही. ते शीर्षकपानावरून घ्यायचं, मुखपृष्ठावरून नाही. मुखपृष्ठ काहीही बोलतं. मग कॅसेटचं शीर्षकपान कुठलं? सर म्हणाले, "लेबल. लेबलावर असेल ते लिहायचं. त्यात आपली अक्कल पाजळायची नाही."

"आणि आत दुसरंच काही असेल तर? ऐकून लिहायला नको?"

"सगळ्या कॅसेटी ऐकत बसलो, तर मी इथेच निवृत्त होऊन इथेच पुन्हा जन्माला येईन."

"बरं, आणि कर्ता? कॅसेटला कर्ता कोण लिहायचा?"

"कॅसेटला कर्ता नसतो."

"मग आत गातं कोण, भूत?"

"गातो तो कलाकार. कलाकार टिपेत."

टीप म्हणजे नोंदीच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, कोणी वाचलं तर वाचलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुस्तक लिहिणारा पहिल्या ओळीत, आणि जन्मभर गाणारी बाई तळाला? पण सरांशी वाद घालताना एक अडचण असते. ते चिडत नाहीत. रुमालाने चष्मा पुसतात आणि म्हणतात, "चहा सांगू का?"

चहा पिता पिता आमचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. बाजारात विकत मिळणाऱ्या छापील कॅसेटी, म्हणजे भजनं, सिनेमाची गाणी, नवरात्रातले गरबे, ह्या ठेवून उपयोग नाही. तीच गाणी आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. लेबलावरून अशा कॅसेटी निवडल्या आणि एका गोणीत भरून जिन्याखाली ठेवल्या. भंगारवाला आषाढ संपता संपता येणार होता.

त्याच आषाढात ती आली.

दुपारी, पहिल्या पाळीनंतर. सायली गावातल्या सुताच्या कंपनीत काम करणारी, तिशी ओलांडलेली बाई. केसांत पांढरे तंतू अडकलेले होते. दारात चपला काढायच्या की नाही ह्या विचारात ती बराच वेळ उभी होती. मी हाक मारली तेव्हा आत आली आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "म्याडम, कानबाईना गाणा शेतस का आठे?"

तिची अहिराणी मला कळली; कानबाईची गाणी इथे आहेत का, असं ती विचारत होती. खानदेशातली माणसं इकडच्या कारखान्यांत खूप आहेत, त्यामुळे कानबाई मला ऐकून ठाऊक होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर ही देवी बसते. नारळाला सजवतात, नथ घालतात, चौरंगावर बसवतात, घरातल्या पुरुषांच्या मोजणीनं गहू घेऊन रोट करतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन निरोप देतात. मला तर आनंदच झाला. माझ्या प्रश्नांच्या पद्धतीची परीक्षा घ्यायला गिऱ्हाईक चालून आलं होतं. "कशाबद्दल?" हा माझा लाडका प्रश्न. संगणकावर विषय टाकला आणि खानदेशातल्या व्रतांवरचं, गाण्यांसकट असलेलं एक जाडजूड पुस्तक दिमाखात तिच्यापुढे ठेवलं.

तिनं ते उघडलंही नाही. "पुस्तक नको म्याडम. चाल पाहिजे. पुस्तक थोडंच गास?"

समोरच्या टेबलावर सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. चेहऱ्यावर काही नाही, पण खांदे हलत होते. मी पुस्तक परत आपल्याकडे ओढलं. वस्तू कुठल्या रूपात आहे ह्याला मी चौथ्या नंबरवर ढकललं होतं, आणि हिच्यासाठी तीच पहिली गोष्ट होती.

मग तिला बसवलं आणि सगळं विचारलं. ती सामरवरणीला चाळीत राहते. तिची सासू, जिला ती आणि अख्खी चाळ 'माय' म्हणते, खानदेशातल्या शिरपूरची, नवऱ्याबरोबर सिल्वासात कारखाने नवे होते तेव्हा इथे आलेली. त्या काळी श्रावणात गावी जायला सुट्टी मिळेना, म्हणून मायनं कानबाई इथेच बसवायला सुरुवात केली. आसपासच्या खोल्यांतल्या बायका जमत. आणि गाणी तीच म्हणायची. गावाकडची होतीच, पण मायनं त्यात आपली भर घातली. कानबाई तापीवरून निघते, एस्टीत बसते, नाक्यावर उतरते, कारखान्याचा भोंगा ऐकून दचकते, आणि शेवटी दमणगंगेला म्हणते, बहीण, थोडी सरक, मलाही पाय धुऊ दे. ही कडवी गावाकडे कोणालाच येत नाहीत, कारण ती झालीच इथे.

"मग माय सांगत नाहीत?"

"मायले लकवा झाया." गेल्या वर्षी, कानबाईच्या थोडं आधी. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता फक्त 'अं, अं' करते. सुनेला सुरुवातीची ओळ येते, अधलंमधलं आठवतं, पण कडवी लागत नाहीत. बायका तर फक्त मागून ओढायच्या, पुढे कायम माय. गेल्या वर्षी चाळीतल्या पोरांनी फोनवरची गाणी मोठ्या स्पीकरवर लावली. सगळे नाचले. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"यंदाबी स्पीकर लावू म्हणतात," ती म्हणाली. "एकदा स्पीकर बसला ना म्याडम, की मग माय उठत नाही. मला कडवी शिकायचीत. कानबाईच्या आत."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कोणावर ते ठाऊक नाही; बहुतेक स्पीकरवर.

गाणी इथे असतील असं तिला का वाटलं, तर खूप वर्षांपूर्वी मायच्या घरी कानबाईला एक मास्तर आले होते. टेपरेकॉर्डर घेऊन. त्यांनी गाणी भरून घेतली. पुढे मास्तरांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपल्या कॅसेटी ग्रंथालयाला दिल्या, हे माय कायम अभिमानानं सांगायची. म्हणायची, मी सरकारी कपाटात आहे.

मास्तरांची ती पेटी सरांना आठवत होती. त्यातल्या कॅसेटी इतर कॅसेटींत मिसळून लेबलाप्रमाणे लावल्या गेल्या होत्या. आम्ही कॅसेटींच्या नोंदी चाळल्या. कानबाई नाही. अहिराणी नाही. लोकगीतं म्हणून दोन होत्या, त्या राजस्थानच्या निघाल्या. सरांनी कपाटातल्या कॅसेटी एकेक हातात घेऊन लेबलं वाचली, मोठ्यानं, हजेरी घेतात तशी. कानबाई गैरहजर.

ती उठली. पदराला हात पुसले. जायच्या आधी, मला बरं वाटावं म्हणून असेल, ती हसून म्हणाली, "मास्तर भारी चिक्कू होता. माय त्याची लई चेष्टा करायची. त्यानं टेप काढली तर मायनं विचारलं, टेप कोरी शे का उष्टी? आणि खरंच हो, गाणं भरल्यावर त्यानं वाजवून दाखवलं, तर आधी गरबाच वाजला! बाया हसून हसून पडल्या."

मी खुर्चीतून उठले. सरही उठले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी जिन्याकडे निघालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आमचा कळसा गोणीत होता आणि गोणीच्या तोंडाला सुतळी बांधून झाली होती.

गोणीत गरब्याच्या कॅसेटी भरपूर. इथे नवरात्रात गल्लोगल्ली गरबा, तेव्हा नवल नाही. पण कॅसेटचा जमाना पाहिलेल्यांना एक गोष्ट माहीत असते. विकतच्या कॅसेटच्या डोक्यावर दोन चौकोनी खाचा असतात. खाचा उघड्या असल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. भरायचं असेल तर खाचांवर चिकटपट्टी लावायची. आमच्या घरी माझ्या भावानं अशाच पट्ट्या लावून वडिलांच्या भजनांवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती आणि मार खाल्ला होता. म्हणून मी लेबलं सोडली आणि डोकी बघायला लागले. पिवळी पडलेली चिकटपट्टी असलेल्या कॅसेटी निघाल्या मूठभर.

"लेबल खोटं बोलतंय, सर," मी म्हटलं. मला हे म्हणायची केव्हाची हौस होती.

"लेबल खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "लेबलाला कोणी सांगितलंच नाही."

ग्रंथालयाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा कधीच कुजला होता. सरांच्या घरी एक रेडिओ-टेपचा टू-इन-वन होता, बायकोनं शिवलेल्या अभ्र्यात. त्या कारखान्यातल्या बाईच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर तो रिक्षात मांडीवर घेऊन आले. आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो. सरांनी एक कॅसेट लावली. गरबा, आणि नुसता गरबाच. चिकटपट्टी लावूनही मास्तरांनी तिच्यावर काही भरलं नव्हतं. दुसरीत दुधनीच्या शाळेची प्रार्थना, पाढे, आणि मधेच एका पोराची शिंक, तिच्यावर सगळा वर्ग हसतो. सर इतके खूश झाले की त्यांनी ती उलटी फिरवून पुन्हा लावली. ती बाई बिचारी पदराचं टोक पिळत बसली होती. मी सरांना डोळ्यांनी दटावलं.

पुढच्या कॅसेटला पुन्हा गरबा. ढोल, टाळ्या, दोन ओळी. मग खट् असा आवाज, आणि गरबा मधल्या मधे तुटला. भांड्यांचा आवाज. कुणीतरी कुणाला तरी सरकून बसायला सांगतंय. मूल रडतंय. आणि मग एक आवाज चढला. गोड वगैरे नव्हता. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बाईला हाक मारतात तसा मोकळा, भरदार, कशाला न भिणारा आवाज.

तिनं तोंडावर हात ठेवला. "माय," ती म्हणाली. "आमची माय."

तापी झाली. एस्टी झाली. कंडक्टर कानबाईकडे तिकीट मागतो आणि ती नथ दाखवते, तिथे मागच्या बायका फिस्सकन हसल्या, आम्हीही हसलो. भोंगा वाजला. आता दमणगंगा येणार, तेवढ्यात आवाज जाडा झाला, लांबला, आणि यंत्रानं घर्र केलं. फीत आत गुंडाळली गेली होती.

तो क्षण मी विसरणार नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. मी यंत्राला हात घालायला निघाले तर सर गरजले, "हात लावू नका!" सर गरजतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी झाकण उघडलं, खिशातली पेन्सिल काढली आणि रांगोळीचे ठिपके काढावेत इतक्या सावकाशीनं एकेक वेढा सोडवला. मग पेन्सिल कॅसेटच्या चाकात घालून फीत घट्ट गुंडाळली. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, पण रुमाल काढायला हात मोकळा नव्हता. मीच माझ्या ओढणीनं पुसला. इतक्या भांडणांनंतर तेवढा हक्क मला होता.

फीत जराशी चुरगळली, पण तुटली नाही. दमणगंगा आली. बहीण, थोडी सरक. चुरगळलेल्या जागी मायचा आवाज किंचित थरथरतो, एवढंच. सुनेच्या फोनवर आम्ही सगळं भरून दिलं. गोणीतल्या बाकी कॅसेटी परत वर आणल्या आणि भंगारवाल्याला रद्दी पेपर देऊन वाटेला लावलं.

नंतरचे दिवस ती येता-जाता डोकावायची. कारखान्यात जाताना कानात तार, ओठ हलताहेत. "मायनं ऐकलं का?" ती त्यानंतर पहिल्यांदा डोकावली तेव्हाच मी विचारलं.

"ऐकलं ना."

"रडल्या?"

"छे! माय रडनी नई. भडकनी." मायनं स्वतःचा आवाज ऐकून घेतला, मग सुनेला खूण केली, आता तू म्हण. सुनेनं म्हटलं, तर डाव्या हातानं खाटेची पाटी बडवली. चूक. पुन्हा. पुन्हा चूक. "रोज बडवते म्याडम. पाटी तुटेल, पण मला सोडणार नाही." हे सांगताना ती इतकी हसत होती की तंतू केसांतून खाली पडत होते.

इकडे आमची नियमावली आपोआप जुळत चालली. मी जिंकले असं मी म्हणणार, सर ते जिंकले असं म्हणतात. क्रम प्रश्नांचाच राहिला. सगळ्या वस्तूंना तेच प्रश्न. पण प्रत्येक प्रश्नाखाली सरांच्या हट्टानं, उत्तर कुठे शोधायचं ते वस्तूप्रमाणे वेगळं लिहिलं. पुस्तकाचं नाव शीर्षकपानावरून. नकाशाचं कोपऱ्यातल्या चौकटीतून. कॅसेटचं लेबलावरून; पण खाचांवर चिकटपट्टी असेल तर ऐकल्याशिवाय लेबलावर अजिबात विश्वास ठेवू नये. हे वाक्य सरांनी स्वतः लिहिलं आणि 'अजिबात' खाली रेघ मारली. शिवाय ही वस्तू वाचायची, बघायची की ऐकायची, ते नोंदीच्या माथ्यावरच रंगीत चौकोनानं दाखवायचं, ही सरांची सूचना. मी ती मुकाट्यानं घेतली. पुस्तक थोडंच गास?

फक्त एक जागा रिकामी होती. कॅसेटचा कर्ता कोण, ह्या प्रश्नाखाली सर काहीच लिहीनात. मी विचारलं की चहा सांगायचे.

कानबाईच्या रविवारी तिनं आम्हाला बोलावलं. संध्याकाळी मी आणि सर सामरवरणीला गेलो. चाळीच्या गॅलरीत रोटांचा खमंग वास होता. रोट मात्र भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत, त्यामुळे आमच्या वाट्याला चहा आला आणि सरांचा चेहरा जरा उतरला. आत चौरंगावर कानबाई बसली होती, नथ, हिरवं लुगडं, डोळे मोठे रेखलेले. खोली बायकांनी भरलेली. स्पीकर गॅलरीत होता, त्याच्यावर कोणीतरी ओले टॉवेल वाळत घातले होते. आणि खाटेवर भिंतीला टेकवून बसवलेली माय. लहानखुरी. ह्या एवढ्याशा छातीतून तो आवाज निघाला, यावर माझा विश्वास बसेना.

सून गायला बसली. पहिली ओळ कापरी आली. मायनं पाटीवर हात ठेवला. दुसऱ्या ओळीला सुनेचा आवाज सुटला, बायकांनी मागून ओढली, आणि तापीपासून निघालेली कानबाई एस्टीत बसली, नाक्यावर उतरली, भोंग्याला दचकली. माय डाव्या हातानं ठेका धरत होती. दमणगंगेशी येताना कॅसेटमध्ये जिथे चुरगळ होती, बरोबर तिथे सुनेनंही आवाज थरथरवला. तिला वाटलं तशीच चाल आहे. मायनं पाटी बडवली. सर माझ्याकडे वळून पुटपुटले, "माझ्या पेन्सिलीचा दोष." मला हसू आवरेना.

गाणं संपलं तेव्हा सरांनी पिशवीतून नोंदीचा कागद काढला. असल्या वेळी कागद काढणारा माणूस जगात एकच. मी त्यांना चिमटा काढणार होते, पण त्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि सुनेला विचारलं, "ह्या कॅसेटचा कर्ता मला लिहायचाय. टिपेत नाही, पहिल्या ओळीत. बाईंचं नाव काय?"

सून गडबडली. "नाव म्हणजे... सगळे माय म्हणतात."

"माय लिहून कसं चालेल? नाव हवं. पुस्तकाच्या लेखकाचं लिहितो तसं."

मग खोलीभर चर्चा सुरू झाली. एक म्हणाली, शिरपूरवाली लिहा. दुसरीनं मायच्या मोठ्या मुलाचं नाव घेऊन त्याची माय असं लिहा म्हणून सांगितलं. सून म्हणाली, राशनकार्ड बघावं लागेल, सासरेच सगळीकडे सही करायचे. तिला खरंच आठवत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. सर पेन धरून थांबले होते.

भिंतीकडून आवाज आला.

आधी नुसता घशातला घोगरा आवाज. सगळ्या वळल्या. मायचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, कपाळावर शीर उठली होती. तिनं पुन्हा जोर केला. जड, बोबडा, अर्ध्यावर घसरणारा, पण शब्द होता तो. तिचं नाव. सरांचं पेन अजून हवेतच होतं. आम्हाला ऐकूच आलं नाही असं वाटून असेल, तिनं ते परत म्हटलं, चिडून, मोठ्यानं, आणि डावा हात सरांच्या कागदाकडे केला. लिही.

सरांनी लिहिलं. कागद तिच्यापुढे धरून अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. मायनं मान डोलावली. सून तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि माय तिला बाजूला ढकलून कागद बघत होती.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आमच्या तालिकेत आहे, पहिल्या ओळीत. कोणीही येऊन बघावं.